खेळकर अक्षर आणि मराठीचे वळण

१

साहित्याच्या अभ्यासकाने शब्दाकडे पाहावे, अक्षराच्या आकाराकडे पाहू नये, असा एक अलिखित संकेत आपल्या विद्यापीठीय जगात रूढ होऊन बसला आहे. संहिता म्हणजे शब्दांचा क्रम. तो कोणत्या ठशात छापला गेला, शीर्षक कोणी रेखाटले, त्यातला ‘ल’ कोणत्या वळणाचा होता, हे प्रश्न मुद्रकाचे, फार तर चित्रकाराचे, अशी आपली समजूत असते. हस्तलिखितांवर काम करणाऱ्याला ही मुभा नसते. पोथीचा काळ, प्रदेश, कधी कधी लेखनिकाचा संप्रदायदेखील त्याला अक्षराच्या वळणावरून अजमावावा लागतो. मुद्रित आणि आता संगणकीय संहितेच्या बाबतीत मात्र आपण ही दक्षता सोडून दिलेली आहे. प्रस्तुत लेखात या संकेताविरुद्ध काही म्हणावयाचे आहे, आणि त्यासाठी मुद्दामच सर्वांत ‘हलका’ समजला जाणारा अक्षरप्रकार उदाहरणादाखल घेतला आहे: हाताने रेखाटल्यासारखा दिसणारा, गुबगुबीत, खेळकर असा शीर्षकांसाठीचा संगणकीय टंक.

मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या संस्थेने २०१० नंतरच्या दशकात ‘मोदक’ नावाचा देवनागरी टंक सिद्ध केला. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांची ही रचना. यातील अक्षरे आधी हाताने रेखाटली गेली आणि नंतर संगणकात उतरली. त्यांची अंगे इतकी फुगवलेली आहेत की ‘ब’च्या किंवा ‘व’च्या पोटातील मोकळी जागा एका बारीक फटीपुरतीच उरते. सामान्यतः आपण अक्षर रेषेवरून ओळखतो. येथे ते फटीवरून ओळखावे लागते. तरीही ते ओळखता येते, यातच रचनाकाराचे कौशल्य आहे. त्याच संस्थेचा ‘बालू’ हा दुसरा टंक गोलसर आणि गमत्या खरा, पण ‘मोदका’च्या मानाने संयत. हे दोन्ही टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध असल्यामुळे कोणालाही विनामूल्य वापरता येतात. बालवाडीचा फलक, स्नेहसंमेलनाची पत्रिका, मिठाईचा खोका, मुलांच्या पुस्तकाचे मुखपृष्ठ अशा ठिकाणी शोभावीत अशीच ही अक्षरे आहेत. अशा गोष्टीवर भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी वेळ का खर्चावा, असा प्रश्न कोणी विचारील.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे थोडक्यात असे. खेळकर अक्षर ही मराठीच्या लेखनसंस्कृतीतील जुनी आणि गांभीर्याने घ्यावी अशी गोष्ट आहे. ते हाताने रेखाटले जात होते तोवर अक्षराला आपला शब्द ठाऊक असे. टंक झाल्यावर ते ज्ञान अक्षरातून निघून गेले आहे, आणि ते पुरवण्याची जबाबदारी अक्षर वापरणाऱ्यावर, म्हणजे पर्यायाने भाषेच्या जाणकारांवर, येऊन पडली आहे. ही जबाबदारी आपण घेतली नाही तर अक्षराचा खेळ चालू राहील, पण त्यात मराठीचे वळण राहणार नाही.

२

‘वळण’ हा शब्दच येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. मराठीत हस्ताक्षराला वळण असते, मुलाला वळण लावतात, आणि भाषेचेही एक वळण असते. कित्ता गिरवणे ही एकाच वेळी हाताची आणि स्वभावाची शिकवण मानली गेली. देवनागरीला आपण ‘बाळबोध’ हे नाव दिले. मोडी ही व्यवहाराची धावती लिपी. तीत आधी आडवी रेघ ओढून घ्यावयाची आणि मग तिच्याखाली हात फारसा न उचलता अक्षरे लिहीत जावयाचे. बाळबोध त्या मानाने सावकाश चालणारी, सुटी, बोरूच्या तिरप्या कापामुळे जाड-बारीक होणारी.

मुद्रण आले तेव्हा या दोन्ही हातांना त्यात जागा शोधावी लागली. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ साली श्रीरामपूरला देवनागरी ठशांत छापले गेले. त्याच छापखान्यात पुढे मराठीसाठी मोडीचे ठसेही वापरले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले. शिळाछापात लेखनिकाचे हस्ताक्षरच दगडावर उतरत असल्यामुळे मुद्रण होऊनही हात शाबूत राहिला. खिळ्यांच्या छपाईने मात्र ही स्थिती पालटली. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने, आणि तेथील ठसे कोरणाऱ्या राणोजी रावजी आरू यांच्या हाताने, मुंबई वळणाच्या देवनागरीला जो डौल दिला तो संस्कृत ग्रंथांच्या द्वारा भारतभर पोचला. निर्णयसागरी अक्षर पाहून आजही जुन्या वाचकाचा चेहरा उजळतो.

परंतु खिळ्याचे अर्थशास्त्र खेळाला प्रतिकूल होते. काना, मात्रा, वेलांट्या, उकार आणि जोडाक्षरे मिळून देवनागरीच्या एका संचाला शेकडो खिळे लागत, आणि प्रत्येक मापासाठी तो संच नव्याने ओतावा लागे. टिळकांपासून सावरकरांपर्यंत अनेकांनी लिपिसुधारणेचा विचार केला, सावरकरांनी ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला, त्यामागे इतर कारणांबरोबर ही मुद्रणाची अडचणही होती. या सर्व खटाटोपाचा तपशील बापूराव नाईक यांच्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्रिखंडात्मक ग्रंथात पाहावयास मिळतो. जेथे मजकुराचे साधे अक्षर ओतणेच इतके खर्चाचे, तेथे गमतीचे अक्षर कोण ओतणार? म्हणून खेळकर अक्षर जुळाऱ्याच्या पेटीत कधी शिरलेच नाही. ते चित्रकाराच्या टेबलावर राहिले. शीर्षक कागदावर रेखाटावयाचे, त्याचा जस्ताचा ठोकळा करवून घ्यावयाचा आणि तो खिळ्यांच्या मजकुराशेजारी बसवावयाचा, अशी ही पद्धत होती. परिणामी मराठी पुस्तकात आणि नियतकालिकात दोन हातांची अक्षरे एकत्र नांदू लागली: मजकूर जुळाऱ्याचा, आणि शीर्षक चित्रकाराचे.

ही केवळ तांत्रिक तडजोड होती असे म्हणता येईल. पण तिचा वाङ्मयीन परिणाम मोठा झाला. खिळ्यांनी मजकुराला जे एकसुरीपण दिले त्यापासून शीर्षक मुक्त राहिले, आणि हस्तलिखिताची परंपरा विसाव्या शतकात आडवाटेने चालू राहिली.

३

दीनानाथ दलाल, द. ग. गोडसे, वसंत सरवटे, बाळ ठाकूर, पद्मा सहस्रबुद्धे ही मराठी मुखपृष्ठांशी जोडली गेलेली नावे आपण चित्रकारांची म्हणून घेतो. या परंपरेत पुस्तकाचे नाव आणि चित्र एकमेकांना धरून येत, किंबहुना अक्षर हेच कित्येकदा चित्र असे. नाटकाच्या क्षेत्रात कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी ही गोष्ट पूर्णत्वाला नेली. कोणत्याही कलाशाळेचे शिक्षण न घेतलेल्या या अक्षररचनाकाराने टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात दीर्घकाळ नोकरी केली आणि वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) यासारख्या नाटकांपासून पुढे अनेक दशके मराठी नाटकांची नावे रेखाटली. वृत्तपत्राच्या पानावर दोन स्तंभांच्या चौकटीत येणारी ती नावे मराठी प्रेक्षक वाचत नसे. चेहरा ओळखावा तशी ओळखत असे.

या नावांचे मर्म असे की त्यांतील कोणतेही अक्षर सुटे काढून दुसरीकडे वापरता येत नाही. ऐतिहासिक नाटकाच्या नावातला ‘र’ आणि प्रहसनाच्या नावातला ‘र’ यांचा उच्चार एक, पण स्वभाव भिन्न. रेखाटणारा आधी शब्दाचा अर्थ, नाटकाचा रस आणि जाहिरातीची चौकट पाहतो, आणि मग वेलांटी कोठवर न्यावयाची, उकार किती लांबवावयाचा, शिरोरेषा अखंड ठेवावयाची की तोडावयाची, हे ठरवतो. भाष्यकार शब्दाचे जे करतो तेच हा रेषेने करतो. नाटकाचे नाव ही प्रेक्षकाच्या हाती येणारी पहिली संहिता असते; तिचा पहिला अर्थ अक्षररचनाकार लावतो. मराठी रंगभूमीच्या इतिहासात नाटककार, दिग्दर्शक, नट, नेपथ्यकार यांची नोंद होते. या पहिल्या भाष्यकाराची नोंद अपवादानेच होते.

कवितेच्या प्रांतात हाच संबंध अधिक जवळचा आहे. अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातील उपजीविकेचा तपशील म्हणून सांगितली जाते. पण ज्याचा दिवस अक्षरांची मापे आणि मोकळ्या जागा जुळवण्यात गेला त्याच्या ओळीच्या मांडणीवर त्याचा संस्कार झालाच नसेल, असे मानणे कठीण आहे. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांच्या बाबतीत तर भेद करताच येत नाही. ते कवी होते, सुलेखनकार होते, अध्यापक होते, आणि विंडोजबरोबर देशभरच्या संगणकांवर पोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंकही त्यांचाच. अक्षराशी कागदावर मोकळेपणाने खेळणाऱ्या माणसानेच सरकारी अर्ज आणि परिपत्रके ज्यात टंकलिखित होतात ते अक्षर घडवावे, यात काही विसंगती नाही. दोन्ही कामांत एकाच हाताचा अभ्यास आहे.

४

आता टंकाकडे वळू. टंक ही हस्तरेखाटनाच्या उलट दिशेची वस्तू आहे. टंककाराला आपली अक्षरे कोणत्या शब्दात जाणार हे ठाऊक नसते, ठाऊक असून चालतही नाही. त्याला असा ‘म’ घडवावा लागतो की जो ‘मंगळागौर’ आणि ‘मयत’ या दोहोंत बसेल. खेळकर टंकात ही अडचण टोकाला जाते. गंभीर, मजकुराच्या टंकाची तटस्थता त्याच्या उपयोगाशी जुळणारी असते; खेळकर टंक तटस्थ नसतो, त्याने आधीच एक भाव धारण केलेला असतो, आणि तो भाव तो कोणत्याही शब्दावर चढवू शकतो. हाताने काढलेल्या शीर्षकात एका शब्दात दोन ‘म’ आले तर ते सख्खे भाऊ वाटतात. टंकात ते एकच व्यक्ती दोनदा उभी केल्यासारखे दिसतात. हाताची थरथर, हाताची चूक, हाताची लहर या सर्वांची जागा एकाच लहरीच्या तंतोतंत पुनरावृत्तीने घेतलेली असते. लहर नियम झाली की ती लहर राहत नाही.

रोमन लिपीच्या जगाला हा धडा आधीच मिळालेला आहे. व्हिन्सेंट कॉनेअर यांनी १९९४ साली मायक्रोसॉफ्टसाठी ‘कॉमिक सॅन्स’ हा टंक केला तो चित्रकथांतील संवादांच्या फुग्यांवरून. मुलांसाठी असलेल्या संगणकीय आज्ञावलीत औपचारिक अक्षर विसंगत दिसते, हे त्यामागचे कारण अगदी योग्य होते. पुढे तो टंक सर्वांच्या संगणकावर आला आणि नोटिसा, पत्रे, इशारे सर्वत्र दिसू लागला. २०१२ साली जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत हिग्ज कणाच्या शोधाचे निवेदन झाले तेव्हा त्यातील एका सादरीकरणाची पाने याच टंकात होती, आणि शोधाइतकीच चर्चा त्या अक्षरांची झाली. टंकाची टवाळी झाली; वस्तुतः दोष टंकाचा नव्हता.

आपल्याकडे या दोषाला एक नेमके नाव आहे. अकराव्या शतकात क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ लिहिली. अलंकार स्वतः सुंदर असून भागत नाही, तो योग्य स्थानी असावा लागतो. कमरपट्टा गळ्यात घातला तर हसे होते, अशा आशयाचे विवेचन त्या परंपरेत आहे. खेळकर टंकाचा प्रश्न हा सर्वस्वी औचित्याचा प्रश्न आहे. ‘मोदक’ टंकात मुलांच्या कवितासंग्रहाचे नाव छापले तर अक्षर आणि अर्थ हातात हात घालून चालतील. त्याच टंकात शोकसभेची सूचना लावली तर ती सूचना लावणाऱ्याविषयी वाचकाच्या मनात शंका येईल. पूर्वी हा विवेक रेखाटणाऱ्याच्या हातात असे. आता तो संगणकाच्या यादीतून टंक निवडणाऱ्याच्या डोळ्यांत असावा लागतो, आणि तो डोळा घडवणारे शिक्षण आपल्या भाषाविभागांतून दिले जात नाही.

या टीकेचा अर्थ टंक नकोत असा कोणी काढू नये. तालुक्याच्या गावातील वाचनालयाला, एखाद्या महिला मंडळाला किंवा शाळेतील शिक्षिकेला आपल्या कार्यक्रमाचा फलक देखणा करावयाचा असेल तर पूर्वी रंगाऱ्याकडे जावे लागे, आणि तो मिळाला नाही तर एकाच साच्यातील रुक्ष अक्षरांवर समाधान मानावे लागे. आज तिच्या हाती निष्णात रचनाकारांनी घडवलेले, हसरे देवनागरी अक्षर विनामूल्य आले आहे. शिवाय देवनागरीत गंमत करता येते, ती केवळ पूजेची आणि परिपत्रकांची लिपी नव्हे, हे नव्या पिढीला या टंकांनीच दाखवून दिले. इंग्रजी फलकावर हास्य आणि मराठी फलकावर कपाळाला आठी, अशी जी विभागणी शहरांतून झाली होती तिला या अक्षरांनी थोडा छेद दिला. हे काम लहान नाही.

५

‘बालू’ टंकाचा विस्तार पाहिला म्हणजे भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला एक निराळाच आनंद होतो. हा टंक देवनागरीबरोबर इतर भारतीय लिप्यांतही केला गेला आणि प्रत्येक लिपीत त्याला त्या भाषेतील भावाचे संबोधन जोडले गेले. गुरुमुखीत तो ‘बालू पाजी’, गुजरातीत ‘बालू भाई’, बंगालीत ‘बालू दा’, ओडियात ‘बालू भाइना’, कन्नडमध्ये ‘बालू तम्मा’, तेलुगूत ‘बालू तम्मुडू’, तमिळमध्ये ‘बालू तंबी’, मलयाळममध्ये ‘बालू चेट्टन’, आणि उर्दूत ‘बालू भाईजान’. कोठे थोरला भाऊ, कोठे धाकटा. भारतीय भाषांच्या भगिनीभावावर आपण परिसंवाद भरवतो. या रचनाकारांनी तो नात्यांच्या नावांतून खेळता खेळता सांगून टाकला, आणि शिवाय दाखवून दिले की लिप्यांचे कुळ भिन्न असले तरी रेषेची जाडी, गोलाई आणि चाल यांत साम्य राखता येते.

या भावंडांत देवनागरीचा ‘बालू’ मात्र नुसता ‘बालू’ आहे. त्याला कोणतेही संबोधन नाही. ते साहजिकच म्हटले पाहिजे, कारण देवनागरीला एक घर नाही. हिंदी, मराठी, नेपाळी, कोकणी, मैथिली, संस्कृत या सर्वांना ती सामायिक आहे. ‘दादा’ म्हणावे की ‘भैया’, हे ठरवणार कसे? पण येथेच मराठीचा खरा प्रश्न उभा राहतो. तमिळ किंवा बंगाली लिपीचा टंक झाला की तो तमिळचा किंवा बंगालीचा होतोच. देवनागरीचा टंक झाला म्हणजे तो मराठीचा झालाच असे नाही.

हे दिल्लीतून पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होते. मंडी हाउसच्या चौकातून निघणाऱ्या कोपर्निकस मार्गाचेच उदाहरण घ्यावे. या एका रस्त्यावर कमानी सभागृह आहे, दूरदर्शन भवन आहे, आणि जुने महाराष्ट्र सदनही आहे. कस्तुरबा गांधी मार्गावरील नवे सदन २०१३ साली झाले. साहित्य अकादमीचे रवींद्र भवन आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालय तेथून जवळच. भाषा जेथे बोलली, सादर केली, प्रक्षेपित केली आणि पुरस्कृत केली जाते असा हा दिल्लीचा कोपरा. दिल्लीतील रस्त्यांच्या पाट्या हिंदी, इंग्रजी, पंजाबी आणि उर्दू अशा चार भाषांत, चार लिप्यांत लिहिण्याची पद्धत आहे. मराठी माणसाला त्यांतील देवनागरी वाचता येते, त्यामुळे आपले काही उणे आहे असे त्याला वाटत नाही. पण नाव लिहू लागताच भेद दिसतो. हिंदीत बहुधा ‘कॉपरनिकस’ असा ‘र’ सुटा लिहितात; मराठीत ‘कोपर्निकस’ लिहिताना तो रफार होऊन ‘न’च्या डोक्यावर बसतो. खगोलवेत्ता तोच, १४७३ साली जन्मलेला, लिपी तीच, पण हाताचे वळण निराळे.

रफार निदान दोन्ही भाषांत आहे. मराठीचे काही विशेष हिंदीत नाहीत. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ या दोन आज्ञांत गुरू आणि स्वयंपाकी यांच्याइतका फरक आहे, आणि तो दाखवण्याचे काम ‘र’चे ते आखूड, आडवे चिन्ह करते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील समुद्र आणि डोंगरदऱ्या त्याच चिन्हाने वेगळे होतात. ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द त्याच्यावाचून लिहिताच येत नाहीत. सडपातळ अक्षरांत हे चिन्ह सहज बसते; ‘मोदका’सारख्या स्थूल अक्षरात ते बसवावयाचे म्हणजे रचनाकाराची परीक्षाच असते, कारण मुळात जागाच फटीएवढी. ‘ळ’ची गोष्टही तीच: दोन वाटोळी पोटे एकाच अक्षरात, आणि दोन्ही फुगवावयाची. ‘अ’वरील चंद्राला, म्हणजे ‘ॲ’ला, युनिकोडच्या संकेतावलीत स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. ‘ल’ आणि ‘श’ यांचा प्रश्न आणखी सूक्ष्म आहे. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे ठरवून दिली. हिंदीत दंडाचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’ रूढ आहे. संकेतावलीत मात्र ‘ल’ एकच आहे. त्याचे कोणते रूप पडद्यावर यावे, हे टंकावर अवलंबून असते. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली की मराठी वळणाचे रूप आपोआप यावे, अशी सोय टंकात करता येते; पण ती टंककाराने केलेली असावी लागते आणि वापरणाऱ्याने मागितलेली असावी लागते. न मागितल्यास बहुतेक टंकांत जे रूप येते ते हिंदीचे असते.

यात हिंदीचा काही अपराध नाही, आणि प्रस्तुत लेखकाला येथे भाषिक अस्मितेचा झेंडाही उभारावयाचा नाही. दंडाचा ‘ल’ वाचून कोणा मराठी वाचकाचा अर्थबोध अडत नाही. परंतु लिपीचे वळण हा भाषेच्या स्मृतीचा भाग असतो. कोपर्निकस मार्गावरच्या सभागृहात मराठी नाटक व्हावयाचे असेल आणि त्याचा फलक दिल्लीतल्या संगणकावर, यादीत प्रथम दिसेल त्या टंकात तयार झाला, तर त्या नाटकाचे नाव मराठी शब्दांचे असूनही मराठी हाताचे असणार नाही. ज्या रंगभूमीने नाटकाचे नाव हा स्वतंत्र कलाप्रकार केला, तिच्या बाबतीत ही हानी क्षुल्लक म्हणता येत नाही.

६

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. लिपी ही वाहनासारखी असते; ती जितकी एकरूप तितकी सोयीची; वळणांचा अभिमान धरणे म्हणजे कालबाह्य कारागिरीचा शोक करणे होय, असे म्हणणारे विद्वान आहेत. मजकुराच्या अक्षराबाबत या म्हणण्यात तथ्य आहे. दोनशे पानांची कादंबरी वाचताना वाचकाला अक्षर दिसताच कामा नये. पण शीर्षक, फलक, मुखपृष्ठ ही ठिकाणे अक्षर दिसावे म्हणूनच असतात. एकरूपतेचा जो न्याय मजकुराला लावावयाचा तोच येथे लावणे म्हणजे गद्याचे नियम गाण्याला लावण्यासारखे आहे. शिवाय खेळकर टंकात एकरूपतेची सोय मिळतच नाही, कारण तो मुळी वेगळा दिसण्यासाठी निवडलेला असतो. वेगळे दिसावयाचेच असेल तर आपल्यासारखे वेगळे दिसावे, एवढीच अपेक्षा आहे.

तेव्हा अभ्यासकांनी करावयाच्या काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, मराठी ग्रंथांच्या सूचींत आणि चिकित्सक आवृत्त्यांत मुखपृष्ठ आणि शीर्षकलेखन कोणाचे, याची नोंद प्रकाशक आणि मुद्रक यांच्याबरोबरीने व्हावी. पुनर्मुद्रण होताना जुने रेखाटलेले शीर्षक काढून त्या जागी एखादा तयार टंक बसवला जातो. हा संहितेतील बदल आहे, आणि तो बदल म्हणून नोंदवला गेला पाहिजे. दुसरी, वृत्तपत्रांतील नाटकांच्या जाहिराती हा रंगभूमीच्या इतिहासाचा दस्तऐवज मानून त्यांचा संग्रह व्हावा. जुने वृत्तपत्र जीर्ण होते त्याबरोबर ही अक्षरेही जातात, आणि नाटकाची छापील संहिता ती परत देऊ शकत नाही. तिसरी, भाषाविभागांनी टंकांची परीक्षा करावी. पाच-सहा शब्द पुरेत: ‘आचाऱ्यांना’, ‘कुऱ्हाड’, ‘वेळ’, ‘ॲरिस्टॉटल’, ‘शिल्लक’, ‘श्लोक’. जो टंक हे शब्द मराठी वळणाने आणि न अडखळता लिहितो तो मराठीचा. इतरांविषयी त्यांच्या रचनाकारांना कळवावे. मुक्त परवान्याच्या टंकांत दुरुस्ती करण्यास परवान्याची आडकाठी नसते. खिळ्यांच्या काळी असे काही सुचवावयाचे तर सगळा संच नव्याने ओतावा लागला असता.

चौथी सूचना दिल्लीपुरती. मराठी भाषेला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने अभिजात दर्जा दिला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अठ्ठ्याण्णवावे अधिवेशन याच शहरात भरले. अशा प्रसंगी भाषेच्या प्राचीनतेविषयी पुष्कळ बोलले जाते. शिलालेख आणि ताम्रपट हे त्या प्राचीनतेचे पुरावे म्हणून दाखवले जातात, आणि ते पुरावे आपण अक्षरांच्या आकारावरूनच वाचतो. मग आपल्या काळाच्या अक्षरांविषयी उदासीन राहण्याचे समर्थन कसे करणार? मराठीच्या नावाने दिल्लीत जे फलक, पत्रिका आणि ग्रंथ निघतील त्यांत निदान ‘ल’, ‘श’ आणि ‘ऱ्या’ मराठी वळणाचे असावेत, आणि ज्यांनी ती अक्षरे रेखाटली वा घडवली त्यांचे नाव कोठेतरी छापले जावे, एवढे करणे कोणत्याही संस्थेला अवघड नाही.

‘मोदक’ आणि ‘बालू’ हे टंक कोणत्याही ग्रंथसूचीत जाणार नाहीत, आणि त्यांच्या रचनाकारांची तशी अपेक्षाही नसेल. पण त्यांनी बोरूपासून जस्ताच्या ठोकळ्यापर्यंत चालत आलेला एक हात संगणकाच्या युगात आणून ठेवला आहे. त्या हाताने आता काय लिहावयाचे आणि कोठे लिहावयाचे, हे त्यांना ठरवता येत नाही. ते शब्द जाणणाऱ्यांनीच ठरवले पाहिजे. पुढच्या वेळी आपल्या विभागाच्या चर्चासत्राचा फलक तयार करण्याची वेळ येईल तेव्हा ते काम कार्यालयावर न सोपवता एखाद्या अध्यापकाने टंकांची यादी स्वतः उघडून पाहिली, तरी या विषयाची सुरुवात झाली असे म्हणता येईल.